सलाहचा ३४४ चा रेकॉर्ड आत्ता (ऑगस्ट २०२५) खेळणाऱ्यांपैकी कोण मोडू शकतो? हिशोबासकट सांगा

जुळे_सोलापूर_११

मंडळी, फँटसी प्रीमियर लीग (इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे प्लेअर निवडून टीम करायची, ते मॅचमध्ये जसे खेळतील तसे पॉइंट) खेळणारे कोण कोण आहेत इथं? आमच्या ग्रुपात परवापासून एक वाद पेटलाय तो मिटायचं नावच घेईना, पार्क चौकात चहाला बसलो तरी तेच आणि घरी आलं की व्हॉट्सॲपवर पण तेच.

विषय असा की गेल्या सीझनला, म्हणजे २०२४-२५ ला, लिव्हरपूलच्या सलाहनं ३४४ पॉइंट केले. एका सीझनमध्ये एका प्लेअरचे एवढे पॉइंट आजवर कधीच झाले नव्हते. आधीचा रेकॉर्ड पण त्याचाच होता, २०१७-१८ चा ३०३. आणि गेल्या वर्षी दोन नंबरला कोण, तर एमबुएमो, २३६. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात १०८ पॉइंटचं अंतर, हे बघूनच मी गार पडलो.

आता एक दोस्त म्हणायलाय की यंदा, २०२५-२६ ला, मँचेस्टर सिटीचा हालांड हा रेकॉर्ड मोडणार म्हणजे मोडणार, लिहून घे. दुसरा म्हणतो चेल्सीचा पामर. मला वाटायलंय की पुढची चार-पाच वर्षं तरी कुणी जवळ पण जात नाही, पण मला ते नीट पटवून सांगता येईना. म्हणून इथं विचारायलो. जे आत्ता प्रीमियर लीगमध्ये खेळायलेत त्यातला कोण ३४४ पर्यंत जाऊ शकतो आणि कशाच्या जोरावर? नुसतं "हालांड मशीन आहे बे" असं नको, आकडे द्या.

यात माझा स्वार्थ पण आहे. १५ ऑगस्टला रात्री ११ ला डेडलाईन आहे आणि माझी टीम अजून लागलेली नाही. सलाहची किंमत १४.५, हालांडची १४. दोघं घेतले की १०० च्या बजेटमधले २८.५ गेले, राहिले ७१.५ आणि घ्यायचे १३ जण, म्हणजे डोक्याला ५.५. त्यात बाकीची टीम कशी काय उभी करायची? त्यामुळं दोघातला एकच निवडायचा असेल तर कोण हे पण सांगा.

सात_रस्ता_सिटी

हालांड. दुसरं नाव नाही.

भावा तू ३४४ बघायलास पण ते कसे झाले ते बघ की. सलाह गेममध्ये मिडफिल्डर म्हणून लावलाय, त्याला एका गोलचे ५ मिळतात, वर टीमनं गोल खाल्ला नाही तर क्लीन शीटचा १ पॉइंट पण मिळतो. हालांड फॉरवर्ड, त्याला गोलचे ४ आणि क्लीन शीटचे शून्य. २०२२-२३ ला त्यानं ३६ गोल मारले, प्रीमियर लीगच्या एका सीझनचा रेकॉर्ड आहे तो, पहिलंच वर्ष होतं त्याचं इंग्लंडमध्ये, आणि त्याला मिळाले किती तर २७२. सलाहला २९ गोलला ३४४ आणि ह्याला ३६ गोलला २७२, हा कुठला न्याय? सलाह पण मैदानावर गोल मारायलाच असतो ना, उजव्या बाजूनं आत येतो आणि मारतो, त्याला मिडफिल्डर म्हणायचं कारण मला तरी दिसत नाही. त्याच ३६ गोलला हालांडला मिडफिल्डर धरलं असतं तर हा वादच झाला नसता.

आणि पोरगा आता २५ वर्षांचा आहे. सलाह ३३. कुणाचं वय चढतंय आणि कुणाचं उतरतंय ते आपलं आपण बघा.

टॉवेल_हिशोबनीस

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, दिवसभर आकडेच समोर असतात, त्यामुळं "मिडफिल्डर धरलं असतं तर" हे वाचल्यावर राहवलं नाही, मांडूनच बघितलं.

हालांडचे २७२. प्रत्येक गोलला १ पॉइंट जास्त धरा, म्हणजे ३६ अजून, झाले ३०८. आता क्लीन शीट. त्या सीझनला तो ३५ मॅच खेळला. समजा त्या ३५ च्या ३५ मॅचमध्ये सिटीनं एकपण गोल खाल्ला नाही, जे झालेलं नाही आणि कुठल्याच टीमला कधी होणार पण नाही, तरी ३५ पॉइंट. ३०८ आणि ३५ मिळून ३४३. एक पॉइंट कमीच पडतो! म्हणजे त्याला मिडफिल्डरच्या खुर्चीत बसवून, वर सगळ्या मॅच कोऱ्या धरून पण सलाह पुढंच राहतो. त्यामुळं पोझिशनमुळं रेकॉर्ड झाला हे अर्धंच खरं आहे, पोझिशनचा फायदा मिळतो पण तेवढ्यावर ३४४ होत नाहीत.

मग सलाहचे कुठून आले ते बघा. २९ गोलचे १४५. ३८ च्या ३८ मॅच खेळला, मॅचला २ धरून ७६ च्या आसपास. लीगच्या हिशोबात १८ असिस्ट (दुसऱ्याला गोल करून देणं), त्याचे ५४. इथंच २७५ होतात. राहिलेले क्लीन शीट, बोनस (मॅचमध्ये सगळ्यात चांगलं खेळणाऱ्यांना मिळणारे जादा पॉइंट) आणि किरकोळ. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती असिस्टची. हालांडच्या ३६ गोलच्या सीझनला त्याचे असिस्ट होते ८. गोल आणि असिस्ट मिळून सलाहचे ४७ होतात, शिअरर आणि अँडी कोलनं एवढेच केले होते पण तेव्हा लीगमध्ये ४२ मॅच असायच्या. गोल मारणारा आणि गोल करून देणारा एकच माणूस, आणि तो एकही मॅच चुकवत नाही, हे तिन्ही एका वर्षी जुळलं तेव्हा कुठं ३४४ झाले.

आता हालांडला फॉरवर्ड म्हणूनच ३४४ करायचे असतील तर? ३८ मॅचचे ७६ द्या. बोनसचे ४० द्या, सढळ हातानं. ८ असिस्टचे २४ द्या. झाले १४०. राहिले २०४, भागिले ४, म्हणजे ५१ गोल. एक्कावन्न. एकट्या लीगमध्ये.

सात_रस्ता_सिटी

३४३ चा हिशोब मी दोनदा करून बघितला, बरोबर आहे. पण ५१ होणारच नाहीत असं कशावरून, ३६ पण कुणाला वाटले नव्हते.

पार्क_मैदान_जुना

पोरांनो, लय दिवसांनी चांगली चर्चा वाचायला मिळाली. मी वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, एकेकाळी पार्कवर संध्याकाळी रोज खेळायचो, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून नुसतं बघतो आणि फँटसी खेळतो.

५१ चं म्हणाल तर इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये एव्हर्टनच्या डिक्सी डीननं १९२७-२८ ला ६० मारलेत, त्यामुळं माणसाला जमतच नाही असं म्हणता येणार नाही. पण तो काळ वेगळा होता, त्यावर आजचा हिशोब लावू नका.

मला सांगायचंय ते वेगळं. तुम्ही सगळे सलाह आणि हालांडमध्ये अडकलात आणि सुआरेझला विसरलात. २०१३-१४, लिव्हरपूल, २९५ पॉइंट. आता नीट ऐका. आधीच्या सीझनला इव्हानोविचला चावला म्हणून त्याच्यावर बंदी होती, त्यामुळं लीगच्या पहिल्या ५ मॅच तो खेळलाच नाही. राहिलेल्या ३३ मध्ये ३१ गोल. त्यात पेनल्टी एकपण नाही, पेनल्टी जेरार्ड घ्यायचा. आणि फॉरवर्ड म्हणून, म्हणजे गोलला ४ च्या हिशोबानं २९५!

मॅचमागं काढा. सलाहचे ३४४ भागिले ३८, येतात ९.०५. सुआरेझचे २९५ भागिले ३३, येतात ८.९४. जवळजवळ सारखेच. आता त्या सिटीवाल्या पोरानं सांगितलेला नियम सुआरेझला लावा, गोलमागं १ जास्त, म्हणजे ३२६, भागिले ३३, येतात ९.८८. क्लीन शीट धरलेलीच नाही अजून. माझ्या मते एका मॅचमागं बघितलं तर फँटसीतला सगळ्यात मोठा सीझन तोच. नॉर्विचला त्यानं एका मॅचमध्ये चार घातले होते आणि पाचवा स्टर्लिंगला करून दिला, ती मॅच बघताना मी घरात एकटाच ओरडत होतो, बायको झोपेतून उठून बाहेर आली की काय झालं म्हणून.

आणि हे बघा, चार गोल आणि एक असिस्ट हेच काम सलाहनं मार्च २०१८ ला वॉटफर्डला केलं होतं, ५-० ची मॅच, त्याला २९ मिळाले. तेच काम फॉरवर्डनं केलं तर बोनसचे पूर्ण ३ धरून २४ च्या वर जात नाहीत.

सुआरेझ अजून खेळतोय पण अमेरिकेत. २००७-०८ ला २८३ करणारा रोनाल्डो पण खेळतोय, तो सौदीत. त्यामुळं आता इंग्लंडमधला रेकॉर्ड त्यांच्याकडून मोडायचा प्रश्न नाही. पण ३४४ ची उंची मोजायची असेल तर ह्या दोघांच्या शेजारी उभं करूनच मोजा.

होटगी_रोडची_कॉप

काका, सुआरेझचं वाचून अंगावर काटा आला. मी लिव्हरपूलची फॅन आहे पण तो सीझन मी लाईव्ह बघितलेला नाही, तेव्हा लहान होते.

मला एक गोष्ट मांडायचीये ती कुणी बोललं नाही. मॅच. हिशोबनीस दादांनी ३८ च्या ३८ म्हटलं, ते सहज घेऊ नका. आफ्रिका कप (आफ्रिकेतल्या देशांची स्पर्धा) बहुतेक वेळा सीझनच्या मध्येच येतो, जानेवारीत नाहीतर डिसेंबर-जानेवारीत. २०२२ ला आला, २०२४ ला आला, सलाह दोन्ही वेळा इजिप्तकडून गेला. २०२४-२५ च्या सीझनमध्ये आफ्रिका कप नव्हता. २०१७-१८ च्या सीझनमध्ये पण नव्हता. म्हणजे त्याचे दोन्ही रेकॉर्ड ज्या हिवाळ्यात तो इंग्लंडमध्येच थांबला त्या वर्षांतले आहेत.

यंदा २१ डिसेंबरला मोरोक्कोत सुरू होतोय आणि फायनल १८ जानेवारीला. इजिप्त लांबपर्यंत गेला तर लीगच्या पाच-सहा मॅच हुकणार. सहा धरा, राहिल्या ३२. ३२ मध्ये ३४४ म्हणजे मॅचला १०.७५ लागतील. त्यामुळं यंदा सलाह स्वतःचाच रेकॉर्ड मोडेल असं मला बिलकूल वाटत नाही, आणि हे मी त्याच्यावर जीव असून सांगायलेय.

पण दादा लोक तुम्ही फक्त एका सीझनचं बोलायलाय. मला विचाराल तर सलाहचं खरं मोठेपण बेरजेत आहे. लिव्हरपूलला आल्यापासून ओळीनं: ३०३, २५९, २३३, २३१, २६५, २३९, २११, ३४४. आठ सीझन, २०८५ पॉइंट. सगळ्यात वाईट वर्ष २११ चं आणि त्या वर्षी तो आफ्रिका कपला जाऊन तिथं जखमी होऊन आला होता. आठ वर्षांत एकदा पण २०० च्या खाली नाही! प्लेअर येतात, एक वर्ष पेटतात, दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. हा दर ऑगस्टला तिथंच असतो.

टॉवेल_हिशोबनीस

ताई, ही बेरीज एक नंबर. आणि मला वाटतं मूळ प्रश्नाचं खरं उत्तर इथंच दडलंय.

हालांडचे तीन सीझन: २७२, २१७, १८१. बेरीज ६७०, सरासरी २२३. २०८५ पर्यंत जायला १४१५ कमी आहेत. ह्याच सरासरीनं गेला तर अजून सहा-सात सीझन. आणि सिटीबरोबर त्याचा करार २०३४ पर्यंतचा आहे, म्हणजे हातात नऊ सीझन. सलाहचा करार २०२७ पर्यंत, तो दोन वर्षांत अजून भर घालेल हे धरलं तरी हालांडला वेळ पुरतो. फक्त तब्येत चांगली राहायला पाहिजे, आणि २७२, २१७, १८१ ही जी उतरती भाजणी दिसायलीय ती थांबायला पाहिजे.

तर सात रस्त्यावाल्या भावा, तुझा माणूस ३४४ मोडणार नाही पण २०८५ च्या मागं लागू शकतो. आत्ता खेळणाऱ्यांत मला तरी ह्या बेरजेच्या मागं धावू शकणारा तो एकटाच दिसतो.

सात_रस्ता_सिटी

हे मान्य. हे चालेल मला. पण पामरचं कोण बोलणार, त्याचा फॅन अजून आला नाही.

निळी_बाजू

आलो. चेल्सी.

पामर २०२३-२४ ला २४४, २२ गोल ११ असिस्ट. त्याच्या आधी ब्रुनो फर्नांडिस २०२०-२१ ला २४४ च, १८ गोल १२ असिस्ट. हिशोबनीस म्हणतात तसा गोल मारणारा आणि करून देणारा एकच, ह्या साच्यात बसणारे हे दोघं. दोघं मिडफिल्डर, दोघं पेनल्टी घेणारे. पामरनं गेल्या सप्टेंबरला ब्रायटनला हाफटाईमच्या आत चार घातले, २५ पॉइंट. ज्या दिवशी त्याचं चालतं त्या दिवशी तो कुणापेक्षा कमी नाही.

पण खरं सांगतो, जानेवारीपासून मे पर्यंत लीगमध्ये त्याचा एक गोल नाही आला. सीझन संपला २१४ वर. आपला माणूस म्हणून डोळे झाकून बोलणार नाही. २४४ वरून ३४४ म्हणजे शंभर पॉइंट. दहा गोल जास्त मारले तर ५०, सहा असिस्ट जास्त दिले तर १८, बोनस वाढून अजून पंधरा-वीस, तरी ३३० च्या आसपासच. ते पण सगळं एकाच वर्षी व्हायला पाहिजे. तो २३ चा आहे, वेळ आहे, म्हणून यंदा नाही पण कधीतरी ३०० ला हात लावेल असं मला मनापासून वाटतं. लॅम्पार्ड २००९-१० ला २८४ ला पोचला तेव्हा चेल्सीनं लीगमध्ये १०३ गोल मारले होते. टीम तेवढी पेटली तर एकटा माणूस वर जातो. आत्ताची चेल्सी तेवढी पेटलेली नाही.

स्टॉपर_विजापूर_रोड

सगळे पुढच्याच लोकांचं बोलायलेत, मागं खेळणाऱ्यांचं कोण बोलणार? मी स्वतः स्टॉपरला खेळतो, म्हणून लिहायलो.

डिफेंडरचा रेकॉर्ड रॉबर्टसनचा, २०१८-१९ ला २१३. त्याच्या मागोमाग लिव्हरपूलमधल्याच त्याच्या जोडीदाराचे, ट्रेंटचे, २१० पुढच्या वर्षी. दोघं बाजूनं पळत जाऊन क्रॉस टाकणारे. मधल्या स्टॉपरला ह्या गेममध्ये कधी किंमतच नव्हती, नव्वद मिनिटं हेडर मारून मारून डोकं दुखायचं आणि शेवटी एक गोल बसला की हातात २ पॉइंट.

यंदापासून नवीन नियम आलाय. डिफेंडरनं एका मॅचमध्ये क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले की २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात पण त्यांना सुटलेला बॉल परत मिळवल्याचं पण धरतात. आता एखादा स्टॉपर ३८ पैकी अर्ध्या मॅचमध्ये जरी दहाला पोचला तरी १९ गुणिले २, म्हणजे ३८ पॉइंट नुसते काम केल्याचे. दीडशे करणारा स्टॉपर १८८ ला जातो. वर कॉर्नरवरून चार गोल मारले, डिफेंडरला गोलचे ६, म्हणजे २४, झाले २१२. रॉबर्टसन एका पॉइंटवर!

म्हणून माझं म्हणणं असं की ३४४ राहू दे बाजूला, यंदा पडायचाच असेल तर २१३ चा रेकॉर्ड पडेल. आणि तो मधल्या स्टॉपरनं पाडावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे. व्हॅन डाईक नाहीतर आर्सेनलचा गॅब्रिएल. गॅब्रिएल कॉर्नरला काय उडतो ते बघितलंय ना सगळ्यांनी.

पार्क_मैदान_जुना

स्टॉपर, हे लय मनातलं बोललास. मी पण मागंच खेळायचो.

फक्त एक लक्षात घे, ज्या टीमवर सारखं आक्रमण होतं तिथल्या स्टॉपरला दहा क्लिअरन्स सहज मिळतात पण क्लीन शीट मिळत नाही, आणि ज्या टीमला क्लीन शीट मिळते तिथं बॉल मागं येतच नाही. दोन्ही एकत्र मिळणारा माणूस शोधायला पाहिजे. गॅब्रिएलचं त्यामुळंच बघण्यासारखं आहे.

जुळे_सोलापूर_११

लय म्हणजे लय आभार सगळ्यांचे. ३४३ वाला हिशोब मी ग्रुपवर टाकला, दोस्त पाच मिनिटं टायपिंग करायला होता आणि शेवटी नुसता अंगठा पाठवला. सुआरेझचं ९.८८ पण टाकलं, त्यावर आता नवीन वाद सुरू झालाय, तो वेगळा.

मी ठरवलं. डिसेंबरपर्यंत सलाह ठेवतो, आफ्रिका कपच्या आधी काढून हालांड आणतो. किंमत जवळजवळ सारखीच आहे त्यामुळं अदलाबदल करता येईल. आणि स्टॉपरभाऊ, तुमचं वाचून गॅब्रिएल पण घेतला.

एक शेवटचं. सलाहला काढायच्या वेळी ट्रान्सफर (प्लेअर बदलायच्या संधी) साठवून ठेवायला लागतील का? तेव्हा बाकीचे पण आफ्रिकेचे प्लेअर जाणार टीममधले, एमबुएमो घेतलाय मी, तो कॅमेरूनचा.

होटगी_रोडची_कॉप

नाही लागणार. आफ्रिका कपसाठी म्हणून गेमवीक १६ ला (लीगच्या सोळाव्या फेरीला) सगळ्यांना फ्री ट्रान्सफर पाच करून देणारेत, तुझ्याकडं तेव्हा एक असो नाहीतर चार. त्यामुळं त्याच्या आधीच्या आठवड्यात साठवून ठेवू नको, असलेल्या वापरून टाक. आणि पहिल्या रात्री साडेबाराला लिव्हरपूल-बोर्नमथ आहे, घरचं मैदान, सलाहला कॅप्टन कर, त्याचे पॉइंट दुप्पट धरतात.